रामाच्या राज्यात फटाके होते का?

मास्तरकीच्या धंद्यात एक मोठी सोय आहे. एकदा टिपणे तयार केली की वीस वर्षे चालतात. माझीही चालली असती. पण १९७४ साली, दिवाळीच्या सुटीच्या तोंडावर, शेवटच्या बाकावरच्या एका पोराने घोटाळा केला.

"सर, राम अयोध्येला परतला तेव्हा लोकांनी फटाके उडवले असतील?"

"उडवले असणारच!" मी ठोकून दिले.

"पण सर, तोफा आणि बंदुकीची दारू बाबराने आणली, १५२६ साली, असे परवा आपणच सांगितलेत!"

वर्ग खदखदून हसला. घंटा झाली म्हणून अब्रू वाचली. पण उद्या उत्तर देणे भाग होते, आणि ते मला ठाऊक नव्हते. इतिहास शिकवण्याचा पगार घेणाऱ्या माणसाची झोप उडायला एवढे पुरे.

सकाळी सायकल काढली आणि लॉ कॉलेज रस्त्यावरचे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर गाठले. इतकी वर्षे पुण्यात राहून मी तिथे फिरकलो नव्हतो. महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणाऱ्या पंडितांची ती जागा. तिथे आपल्या फटाक्यांचे काय काम?

ग्रंथालयातल्या वयस्क गृहस्थांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकले. उत्तर दिले नाहीच, उलट मलाच विचारले, "आपल्याला नेमके काय पाहायचे आहे? दिवाळी किती जुनी, दारू या देशात कधी आली, की दिवाळीत ती उडवू लागले केव्हा? हे तीन प्रश्न आहेत."

इतकी वर्षे शिकवत होतो. ही फोड मला सुचली नव्हती!

मग त्यांनी कार्डांचा खण ओढला आणि थोड्याच वेळात परशुराम कृष्ण गोडे यांच्या लेखांचा खंड माझ्यापुढे ठेवला. गोडे १९१९ पासून सुमारे चाळीस वर्षे याच संस्थेत हस्तलिखितांचे अभिरक्षक होते. म्हणजे पोथ्या सांभाळणारा माणूस! पण सांभाळता सांभाळता त्यांनी नथ, जिलबी, तंबाखू यांचा इतिहास धुंडाळला. आणि भारतातल्या शोभेच्या दारूचाही.

वाचत गेलो आणि थक्क झालो. १४४३ साली विजयनगरला आलेल्या अब्दुर रझाकने महानवमीच्या उत्सवातली आतषबाजी पाहिली होती. म्हणजे बाबराच्या आधी ऐंशी वर्षे! ओरिसाच्या प्रतापरुद्रदेवाच्या 'कौतुकचिंतामणि' या संस्कृत ग्रंथात तर गंधक, सोरा, कोळसा, लोखंडाचा चुरा असे दारूकामाचे साहित्यच दिलेले. एकनाथांच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'तल्या लग्नातही दारू उडते. पण त्यामागे, रामायणाच्या काळापर्यंत, काही पुरावा नाही. दिवे जुने, फटाके पुष्कळ नवे.

सर्वांत गंमत पेशव्यांच्या बखरीतली. कोट्याच्या दिवाळीत दारूची लंका करतात, दारूचेच राक्षस आणि वानर, आणि मारुतीच्या शेपटीला आग लावली की सारी लंका पेटते, असे महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना सांगितले. पेशव्यांनी तसला देखावा पर्वतीच्या पायथ्याशी करवून घेतला. रामाच्या काळात फटाके नव्हते. पण फटाक्यांत राम शिरला होता!

दुसऱ्या दिवशी वर्गात सरळ सांगितले, "मी दोन्ही वेळा चुकलो." कोणी हसले नाही. तो पोरगा एवढेच म्हणाला, "ते पुस्तक आम्हाला पाहायला मिळेल?"

त्या शनिवारी सहा पोरे घेऊन मी पुन्हा गेलो. गृहस्थांनी एकेकाला खणापुढे उभे केले आणि आपापले कार्ड आपणच शोधायला लावले. तासभर मी गप्प होतो. माझ्या नोकरीतला तो सर्वांत चांगला तास. टिपणांची वही मात्र पुन्हा लिहावी लागली, आणि नंतर दर दोन-तीन वर्षांनी लिहीत राहिलो.

आता खिशातल्या यंत्राला विचारले की उत्तर हजर. सोय उत्तमच आहे. पण आपला एक प्रश्न म्हणजे खरे तर तीन आहेत, हे सांगणारे माणूस मला त्या खणांपाशी भेटले.

यंदा फुलबाजी पेटवताना घरातले पोर काहीतरी विचारीलच. ठोकून देऊ नका. "मला ठाऊक नाही, चल पाहू," म्हणा आणि जवळचे ग्रंथालय गाठा.