आधी माप, मग कात्री

ब्लाऊज शिवणाऱ्या कोणत्याही अनुभवी बाईला विचारा. दोन्ही बाजूंचे माप अगदी सारखे भरते असे क्वचितच घडते, असे ती सांगेल. वर्ध्याला खेटून असलेल्या पिपरी मेघेतली शिवणकाम करणारी असो की पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरची असो, ती हा फरक न बोलता कापडात सांभाळून घेते. पण जिचे ते माप, ती मात्र पुष्कळदा आरशासमोर उभी राहून मनात कुढत असते. ‘माझ्यातच काही उणे आहे’ ही खंत ती आईजवळही बोलत नाही.

स्तनांचा आकार शस्त्रक्रियेने बदलता येतो, हे आता बहुतेकींच्या कानावर गेले आहे. मात्र कोणती शस्त्रक्रिया करायची, हे मासिकातल्या चित्रावरून ठरत नाही, ते निसर्गाने दिलेल्या ठेवणीवरून ठरते, हे फारच थोड्याजणींना ठाऊक असते.

ही विद्या आपल्या मुलखाला नवीन नाही. प्लॅस्टिक सर्जरीचा भारतातला पहिला स्वतंत्र विभाग १९५८ साली नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. पुढे १९६९ साली सेवाग्रामला आणि १९९० साली पिपरीच्या शेजारी सावंगी मेघेला वैद्यकीय महाविद्यालये निघाली. तेव्हा डॉक्टरांचे दार या भागात दूर राहिलेले नाही. दूर आहे तो मनातला संकोच!

चांगला सर्जन प्रथम माप घेतो. गळ्याखालच्या खळगीपासून स्तनाग्रापर्यंतचे अंतर, स्तनाच्या तळाची रुंदी, कातडीचा ताण, चिमटीत येणारी जाडी, बरगड्यांची ठेवण, हे सारे तो पाहतो. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा, की स्तनाग्र स्तनाखालच्या घडीच्या वर आहे की खाली?

स्तन लहान, पण स्तनाग्र घडीच्या वर आणि कातडी घट्ट असेल, तर आत सिलिकॉनची पिशवी बसविता येते. अशी पहिली पिशवी १९६२ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे डॉ. क्रोनिन व डॉ. जेरो यांनी बसविली. पिशवी किती मोठी असावी यालाही मर्यादा आहे. ती तळाच्या रुंदीहून रुंद असेल तर शोभत नाही, आणि अंग बारीक असेल तर तिची कड कातडीखाली दिसू लागते. अशा वेळी ती छातीच्या स्नायूखाली ठेवावी लागते. काहीजणींना स्वतःच्याच पोटाची वा मांडीची चरबी भरता येते. परंतु तिच्यातली काही शरीर शोषून घेते, आणि सडपातळ बाईजवळ ती मुळातच थोडी असते.

बाळंतपणानंतर किंवा वजन झपाट्याने उतरल्यावर स्तन ओघळले असतील, तर गोष्ट निराळी. सैल झालेल्या अभ्र्यात कापूस कोंबला म्हणजे उशी भरते, पण अभ्रा काही वर चढत नाही! उलट पिशवीच्या वजनाने ओढ वाढते. येथे जास्तीची कातडी काढून स्तन वर उचलावा लागतो, आणि त्याचे व्रण राहतात. व्रण किती, हे ओघळ किती आहे यावर अवलंबून असते.

स्तन फार मोठे असले, तर मान-पाठ दुखते, पट्ट्यांनी खांद्यावर वळ उठतात, घडीत कातडी उबते. अशा बाईने आकार कमी करून घेतला, तर तिला नटवी म्हणू नये. ते दुखण्यावरचे औषध आहे. काहीजणींचा तळ जन्मतःच आवळलेला असतो. तो आधी मोकळा केल्याखेरीज पिशवी नीट बसत नाही. आणि दोन बाजूंत मोठा फरक असेल, तर लहान बाजू भरण्यापेक्षा मोठी कमी करणे कित्येकदा शहाणपणाचे ठरते.

काही गोष्टी कोणत्याही ठेवणीला लागू आहेत. पिशवी जन्मभराची नसते. पुढेमागे ती बदलावी लागू शकते. अमेरिकेत १९९२ साली सिलिकॉनच्या पिशव्यांवर निर्बंध आले, ते २००६ साली उठले. आणि खडबडीत पृष्ठभागाच्या काही पिशव्या एका दुर्मीळ कर्करोगाशी संबंध आढळल्याने २०१९ साली बाजारातून परत घेण्यात आल्या. वाढ पुरी होण्याआधी घाई करू नये. अंगावरचे दूध तुटल्यावरही काही महिने थांबावे. शस्त्रक्रियेने पुढे अंगावर पाजण्यात अडचण येऊ शकते, म्हणून मूल हवे असल्यास ते आधीच सांगावे.

आणि एक लक्षात ठेवा. जन्माचा फरक वेगळा, नवा फरक वेगळा. गाठ लागली, कातडीला खळी पडली, स्तनाग्र आत ओढले गेले किंवा त्यातून रक्त आले, तर सौंदर्याचा विचार बाजूला ठेवून त्याच आठवड्यात तपासणी करून घ्यावी.

कित्येकदा सारी मापे घेऊन सर्जन म्हणतो, “बाई, तुम्हाला काहीच करण्याची गरज नाही.” अशा डॉक्टरवर रागावू नये. यंदा फराळाच्या गडबडीत लेक नव्या ब्लाऊजवरून हिरमुसली दिसली, तर तिला जवळ बसवून विचारा. दोन बाजू सारख्या नसणे हीच बहुतेकींची रीत आहे, एवढे आईच्या तोंडून कळले, तरी अर्धे ओझे उतरते.