नेत्रदान : संकल्पापासून दृष्टीपर्यंत



दान ही दहा पारमितांपैकी एक. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्याला ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत या दहा पारमितांचे पालन करण्याचीही प्रतिज्ञा आहे. आपण विहाराला दान देतो, भिक्खू संघाला भोजनदान देतो, पुण्यानुमोदनाच्या दिवशी दिवंगतांच्या स्मृतीप्रीत्यर्थ पावती फाडतो. प्रस्तुत लेखात मात्र अशा एका दानाचा विचार करावयाचा आहे, की जे देण्यासाठी श्रीमंती लागत नाही. पण वेळेवर जागे राहावे लागते.

आमच्या वस्तीत एक वयोवृद्ध उपासक होते. तीस वर्षे गिरणीत काम केलेले. सगळे त्यांना बाबा म्हणत. एका वर्षी भीमजयंतीच्या शिबिरात त्यांनी नेत्रदानाचा फॉर्म भरला आणि मिळालेले कार्ड कौतुकाने सर्वांना दाखविले. पुढे सहा वर्षांनी एका रात्री अकराच्या सुमारास त्यांचे निधन झाले. गावाकडच्या मुलीला निरोप गेला. पांढरी वस्त्रे, मेणबत्त्या, भन्तेजींना बोलावणे, सगळी धावपळ झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी अंत्यविधी पार पडला. आठवड्याने मृत्यूच्या दाखल्यासाठी कागद शोधताना पेटीतून ते कार्ड निघाले. त्यांच्या पत्नी काहीच बोलल्या नाहीत. कार्ड हातात धरून बसून राहिल्या. आम्ही मंडळाचे दहा-बारा जण रात्रभर त्या घरी होतो. एकालाही आठवण झाली नाही. आणि त्या शिबिरात फॉर्म वाटणारा मीच होतो!

दान करण्याची इच्छा आणि दान पोहोचणे यांत किती अंतर असते, हे त्या दिवशी कळले. ते अंतर कसे भरून काढावे, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

डोळ्यातील कोणता भाग दिला जातो?

पुष्कळांची समजूत अशी असते की, अंध माणसाला संपूर्ण डोळा बसविला जातो. तसे नाही. डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. ही काच स्वच्छ असेल तरच प्रकाश आत जातो. ती पांढरी झाली की आपल्याकडे 'डोळ्यात फूल पडले' असे म्हणतात. मागचा सगळा डोळा शाबूत असूनही माणसाला दिसत नाही. अशा रुग्णाचे खराब पारपटल काढून त्या जागी दात्याचे पारपटल बसवितात. मोतीबिंदूवर वेगळी शस्त्रक्रिया असते, आणि डोळ्याचा मागचा पडदा किंवा मज्जातंतू निकामी झाला असेल तर नेत्ररोपणाचा उपयोग होत नाही.

पारपटलात रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे दाता आणि रुग्ण यांचा रक्तगट बहुधा जुळवावा लागत नाही, आणि शरीराने नवे पटल नाकारण्याचा धोकाही इतर अवयवांच्या मानाने कमी असतो. जात, धर्म, वर्ण यांचा तर प्रश्नच येत नाही.

फूल कोणाच्या डोळ्यात पडते, याचा विचार आपण अवश्य केला पाहिजे. खडी फोडताना कपची उडते, भात झोडताना तूस जाते, उसाचे पाते लागते, चुना उडतो. जखम चिघळते, दवाखाना लांब असतो, घरगुती औषध घातले जाते आणि डोळा जातो. लहान मुलांत 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावानेही असे घडते. आपल्या देशात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीच्या आतील लोकांच्या अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण पारपटलाचे विकार हेच आढळले. म्हणजे हे अंधत्व कमावत्या वयाचे आहे आणि बहुतांशी कष्टकऱ्यांचे आहे.

जगातील पहिले यशस्वी पारपटल रोपण ७ डिसेंबर १९०५ रोजी मोराव्हिया प्रांतातील ओलोमोऊत येथे डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी केले. तो रुग्णही एक मजूरच होता, आणि त्याची दृष्टी चुन्याने गेली होती. पुढे सोव्हिएत संघात डॉ. फिलातोव्ह यांनी मृत व्यक्तीचे पारपटल वापरण्याची पद्धत रूढ केली. १९४४ साली न्यूयॉर्कला नेत्रपेढी निघाली आणि त्यापाठोपाठ १९४५ साली आपल्या देशात मद्रासला.

सिंहली बांधवांचा आदर्श

या बाबतीत सर्वांत मोठे काम एका लहान बौद्ध राष्ट्राने केले आहे. १९५८ साली सिलोनमधील, म्हणजे आजच्या श्रीलंकेतील, हडसन सिल्वा या वैद्यकीय विद्यार्थ्याने वर्तमानपत्रात लेख लिहून मृत्यूनंतर डोळे देण्याचे आवाहन केले. त्यांच्या पत्नी आणि आई या कार्यात सहभागी झाल्या. प्रारंभी मिळालेले डोळे घरच्या फ्रिजमध्ये ठेवावे लागत. १९६० साली आईचे निधन झाले, तेव्हा सिल्वांनी आईचे पारपटल एका गरीब शेतकऱ्याला बसविले. १९६१ साली श्रीलंका नेत्रदान संस्था स्थापन झाली. १९६४ साली सिंगापूरला पहिले डोळे पाठविण्यात आले. तेव्हापासून या संस्थेने पन्नासांहून अधिक देशांना हजारो डोळे दिले आहेत. त्यांतील सर्वांत जास्त पाकिस्तानला गेले. राष्ट्राध्यक्षपद भूषविलेल्या जयवर्धने यांनीही मृत्यूनंतर नेत्रदान केले.

सिल्वांनी लोकांपुढे शिबी राजाची जातककथा ठेवली होती. डोळे मागणाऱ्या अंध याचकासाठी शिबी राजाने सीवक नावाच्या वैद्याला बोलावून आपले दोन्ही डोळे काढून दिले, अशी ती कथा आहे. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातही शिबी जातक रंगविलेले आहे. परंतु केवळ कथा सांगून डोळे मिळत नाहीत. सिल्वांचे खरे कर्तृत्व हे की, त्यांनी श्रद्धेला यंत्रणेची जोड दिली. गावोगाव शाखा आणि स्वयंसेवक उभे केले. निधनाची वार्ता येताच डोळे काढणारा माणूस त्या घरी पोहोचू लागला. आपल्याकडे फॉर्म भरणारे पुष्कळ आहेत. उणीव आहे ती या पुढच्या साखळीची.

भीती आणि गैरसमज

'डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळा होईल' ही भीती अजून काही घरांत ऐकू येते. श्राद्ध आणि पिंडदान करणार नाही अशी प्रतिज्ञा घेतलेल्या समाजात या भीतीला जागा असू नये. दुसरी भीती चेहरा विद्रूप होण्याची. डोळे काढण्याचे काम पंधरा-वीस मिनिटांत आटोपते, पापण्या नीट मिटविल्या जातात आणि अंत्यदर्शनात काही फरक जाणवत नाही. अंत्यविधीलाही विलंब होत नाही.

वयाची अडचण नाही. चष्मा असलेले, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले, मधुमेह वा रक्तदाब असलेलेही नेत्रदान करू शकतात. एड्स, कावीळ ब व क, रेबीज, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, रक्ताचा कर्करोग अशा कारणांनी मृत्यू झाल्यास मात्र ते डोळे रोपणासाठी वापरत नाहीत. म्हणून दात्याच्या रक्ताचा नमुना तपासला जातो. प्रत्येक डोळा रोपणायोग्य निघतोच असे नाही. पण तो अभ्यासाच्या व संशोधनाच्या कामी येतो. योग्य निघाल्यास एका दात्याच्या दोन डोळ्यांनी दोन अंध व्यक्तींना दृष्टी मिळू शकते.

घरातील माणसांनी काय करावे?

फॉर्म भरणारी व्यक्ती संकल्प करते. प्रत्यक्ष दान कुटुंब करते. मृत्यूनंतर जवळच्या नातेवाइकांची संमती घेतल्याशिवाय नेत्रपेढी डोळे घेत नाही. उलट, मृताने फॉर्म भरलेला नसला तरी नातेवाईक संमती देऊ शकतात. म्हणून पुढील गोष्टी घरातील प्रत्येकाला ठाऊक असाव्यात :

१. निधनानंतर सहा तासांच्या आत डोळे काढले गेले पाहिजेत. जितके लवकर तितके चांगले. म्हणून नातेवाइकांना निरोप देण्याआधी नेत्रपेढीला फोन करावा.

२. मृताच्या पापण्या मिटवून त्यावर स्वच्छ पाण्यात भिजविलेला कापूस ठेवावा.

३. पंखा बंद करावा आणि डोक्याखाली उशी देऊन डोके थोडे उंच ठेवावे.

४. डॉक्टरांचे मृत्यूचे प्रमाणपत्र तयार ठेवावे आणि संमतीपत्रावर सही करणारी व्यक्ती व साक्षीदार घरीच थांबावेत.

५. मृतदेह कोठेही नेण्याची गरज नाही. नेत्रपेढीचे पथक घरी येते. अपघाती मृत्यू असल्यास पोलिसांची परवानगी लागते.

पैशाचे दान कशासाठी?

१९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने अवयवांच्या खरेदी-विक्रीस बंदी आहे. दात्याच्या कुटुंबाला पैसे मिळत नाहीत आणि त्यांच्याकडून घेतलेही जात नाहीत. मग नेत्रपेढीला पैसा कशाला हवा? रात्री दोन वाजता फोन उचलणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ हवा, वाहन हवे, रक्ततपासणी हवी, पारपटल तपासण्याचे सूक्ष्मदर्शक यंत्र आणि ते टिकविण्याचे द्रावण हवे. द्रावणाच्या प्रकाराप्रमाणे पारपटल चार ते चौदा दिवस टिकते. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला महिनोन्महिने थेंब घालावे लागतात आणि तपासणीसाठी वारंवार यावे लागते. मोलमजुरी करणाऱ्याला थेंबांचा आणि गाडीभाड्याचा खर्च झेपला नाही, तर मिळालेली दृष्टीही जाऊ शकते.

पैशाच्या दानातून काय उभे राहते, याचे उदाहरण हैदराबादला आहे. चित्रपट निर्माते एल. व्ही. प्रसाद यांनी दिलेल्या जमिनीच्या व पैशाच्या देणगीतून डॉ. गुल्लापल्ली राव यांनी १९८७ साली नेत्रसंस्था सुरू केली. १९८९ साली तेथे नेत्रपेढी निघाली. आज त्या संस्थेने केलेल्या पारपटल रोपणांची संख्या पन्नास हजारांच्या पुढे गेली आहे.

आपण लक्षाधीश नसू. पण पुण्यानुमोदनाच्या दिवशी जे दान आपण देतो, त्यातील काही भाग नेत्रपेढीला किंवा एखाद्या रुग्णाच्या औषधपाण्याला देता येईल. तसेच महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. ही माहिती गरजू माणसाला देणे आणि कागदपत्रांसाठी त्याच्याबरोबर जाणे, हेही मोठे दानच होय. त्याला पैसा लागत नाही, एक दिवस लागतो.

शेवटी

बाबांच्या त्या प्रसंगानंतर आमच्या मंडळाने एक साधी गोष्ट केली. जवळच्या नेत्रपेढीचा फोन नंबर विहाराच्या दारावर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतला, आणि कोणाकडे निधन झाल्याचे कळताच पहिला फोन कोणी करायचा, त्या दोन कार्यकर्त्यांची नावे ठरविली. त्यानंतर तीन वर्षांनी बाबांच्या पत्नी वारल्या. त्यांनी कधी फॉर्म भरला नव्हता. मात्र 'ह्यांचं राहिलं, माझं राहू देऊ नका' असे मुलाला अनेकदा बजावले होते. पहाटे चार वाजता मुलाने फोन केला, सव्वापाचला पथक घरी आले. त्यांचे डोळे कोणाला मिळाले हे आम्हाला सांगण्यात आले नाही. तसा नियमच आहे. शिबी राजाला याचक समोर दिसत होता. आपल्याला तो दिसत नाही, तरीही द्यावयाचे आहे.

तेव्हा वाचकहो, ही स्मरणिका मिटवून ठेवण्यापूर्वी आज रात्री जेवताना घरातल्या माणसांशी या विषयावर बोला. फॉर्म उद्या भरला तरी चालेल.

भवतु सब्ब मंगलम्!