कार्पेटखालचं लाकूड
कार्पेट ठेवायचं की लाकडी जमीन करायची, हा निर्णय दुकानात नमुने बघून होत नाही. आधी खोलीचा एक कोपरा उचकून खाली काय आहे ते पाहावं लागतं. न्यू जर्सीत माझ्या बहिणीने 1950च्या दशकातलं घर घेतलं, तेव्हा कारागिराने पहिल्यांदा तेच केलं. पक्कडीने कोपरा धरून कार्पेट वर ओढलं, फोमचा थर बाजूला सारला आणि सव्वादोन इंच रुंदीच्या ओकच्या पट्ट्या दिसल्या. त्या काळातल्या अनेक घरांत ओकची जमीन असे. पुढे जॉर्जियातल्या डाल्टनच्या गिरण्यांमधून यंत्रावर बनलेलं स्वस्त कार्पेट घरोघर पोचलं आणि कितीतरी चांगलं लाकूड त्याखाली झाकलं गेलं.

भिंतीपासून भिंतीपर्यंतचं हे कार्पेट चिकटवलेलं नव्हतं. भिंतीच्या कडेने लाकडी पट्टी ठोकलेली, तिच्यावर भिंतीकडे झुकलेले टोकदार खिळे आणि त्यांवर कार्पेट ताणून अडकवलेलं. कारागिरांनी सुरीने त्याचे लांब पट्टे कापले, गुंडाळले आणि बाहेर नेले. खाली बारीक रेती आणि धूळ साचली होती. व्हॅक्यूम क्लीनर तिथवर पोचतच नाही. मग गुडघ्यांवर बसून फोम ज्यांनी ठोकला होता ती एकेक स्टेपल उपटणं सुरू झालं. एखादी जरी राहिली, तरी घासायच्या यंत्राचा कागद फाटतो.

घासण्यात खरं कसब आहे. ओकची पट्टी पाऊण इंच जाड असली, तरी पट्ट्या ज्या खाचेत एकमेकींना अडकतात तिच्यावर जेमतेम पाव इंच लाकूड असतं. तेवढंच आयुष्यभर पुरवायचं. म्हणून चालू यंत्र एका जागी क्षणभरही थांबू द्यायचं नाही, नाहीतर खळगा पडतो. आधी जाड 40 नंबरचा कागद, मग 60, 80 आणि शेवटी 100; बहुतेक वेळ लाकडाच्या रेषांच्या दिशेने. कडांना छोटं यंत्र, कोपऱ्यांत हाताने खरवडणं. त्यानंतर पॉलियुरेथेनचे हात. तेलाचं पॉलिश लाकडाला पिवळसर झाक देतं, पण सुकायला वेळ घेतं आणि वासही उग्र असतो; पाण्याचं लवकर सुकतं. घरात लहान मूल असल्यामुळे बहिणीने दुसरं निवडलं. मात्र तेही पुरतं कडक व्हायला वेळ लागतो, तोवर वर सतरंजी अंथरायची नाही.

लाकूड हवेप्रमाणे हलतं. हिवाळ्यात हीटिंगने हवा कोरडी झाली की पट्ट्या आकसून फटी दिसतात, उन्हाळ्यात त्या बुजतात. घरातली आर्द्रता 30 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान राखली, तर त्याला त्रास होत नाही.

मग सगळीकडे लाकूडच का नको? कारण घरात माणसं राहतात. आपल्याकडे चपला दारात काढतात, त्यामुळे जमीन ही बसायचीही जागा असते. बहिणीच्या सासूबाई भाजी निवडायला खाली बसतात, पूजाही खालीच. हळद किंवा समईचं तेल कार्पेटवर सांडलं, तर डाग सहसा कायमचा. लाकडावरून लगेच पुसता येतो. म्हणून बैठकीच्या खोलीत ओक ठेवला. जिन्यावर मात्र आखूड लवेचं कार्पेटच राहू दिलं, कारण गुळगुळीत पायऱ्यांवरून मोजे घातलेला पाय घसरतो. वरच्या निजायच्या खोल्यांतही कार्पेट: पावलांचा आवाज खाली येत नाही आणि पहाटे उठल्यावर पायांना गारठा लागत नाही. तळघरात दोन्ही नको. जमिनीतल्या ओलीने लाकूड फुगतं आणि कार्पेटला बुरशी येते. तिथे टाइल्स बसवल्या.

शोभा आणि खर्च यांचा विचार करावाच, पण नंतर. घरातलं सगळ्यात लहान आणि सगळ्यात वयस्कर माणूस कुठे बसतं, कुठे चालतं, कुठे पडू शकतं, हे आधी पाहावं आणि प्रत्येक खोलीचा निर्णय वेगळा घ्यावा.