उदासीचं मूळ गळ्यातही असू शकतं

डिसेंबरात ग्वाल्हेरला सगळेच कुडकुडतात. पण तिथल्या लष्कर भागातल्या एखाद्या मराठी घरात बाई एप्रिलमध्येही पंखा बंद करायला सांगते, वजन वाढतं, केस गळतात, बोलणं मंदावतं, कशातच मन लागत नाही. घरचे म्हणतात, 'वय झालं' किंवा 'फार विचार करते'. डॉक्टरकडे न्यायचं म्हटलं की १९३५ सालच्या मानसिक आरोग्यशाळेचं नाव डोळ्यांपुढे येतं आणि विषय तिथेच मिटतो. तो मिटू नये. आधी रक्तातलं टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी, करून घ्यावी.

गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मुख्यतः टी-४ तयार करते. त्याचं टी-३ होतं आणि पेशी किती जोमाने काम करणार हे त्यावर ठरतं. मेंदूही त्यातून सुटत नाही. हार्मोन कमी पडलं की विचार, स्मरण, उत्साह सगळंच मंदावतं. तेव्हा थायरॉइडला कामाला लावण्यासाठी पिट्युटरी ग्रंथी टीएसएच वाढवते. म्हणून रिपोर्टमध्ये टीएसएच जास्त दिसलं तर बहुधा थायरॉइड कमी पडतोय असं समजायचं. इथे अनेकांची गल्लत होते.

हे नवं ज्ञान नाही. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क देऊन अशी एक रुग्ण बरी केली. १९४९ साली रिचर्ड ॲशर यांनी १४ रुग्णांची हकीकत छापली: भ्रम, संशय, वेडाची लक्षणं आणि मुळाशी थायरॉइडची कमतरता. त्यांतले बहुतेक उपचाराने सुधारले.

प्रत्येक नैराश्य थायरॉइडमुळे येत नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवं. दोन्ही असतील तर दोन्हींवर औषध लागतं. मनाच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. बायपोलर आजारात देतात त्या लिथियमनेही थायरॉइड मंदावू शकतो, म्हणून ते घेणाऱ्यांची तपासणी ठरावीक काळाने व्हावीच. बाळंतपणानंतरच्या वर्षात मन खचलं, तरी ही तपासणी विसरू नये.

थायरॉइडची गोळी सकाळी अनशापोटी, पाण्याबरोबर घ्यावी. चहा अर्ध्या-एक तासाने. डोस बदलला तर साधारण सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासतात. तोवर धीर धरायचा असतो, आणि तो घरच्यांनीही धरायचा असतो.

घरातली कुणी अशी गप्प झाली असेल, तर तिला आळशी म्हणण्याआधी जयारोग्य रुग्णालयाच्या ओपीडीत किंवा जवळच्या डॉक्टरकडे घेऊन जा.