कोठाराचं घर होण्याआधी: भिंती वाचायच्या कशा?

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, याला झालंय काय, कोडिंग सोडून विटा मोजायला लागला! पण जुना कोड उडवण्याआधी आपण बॅकअप घेतो ना? इंग्लंडमध्ये जुन्या इमारतींच्या बाबतीत तसंच काहीसं करतात. आज बोलूया तिथल्या विटांच्या बार्नबद्दल, म्हणजे शेतावरच्या कोठाराबद्दल.

तिकडे अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली अशी बरीच कोठारं उभी आहेत. आजच्या शेतीला ती फारशी कामाची नाहीत, म्हणून मालक त्यांचं राहतं घर करायला काढतात. इमारत ऐतिहासिक असेल, तर नियोजन खातं परवानगी देताना अट घालू शकतं: आधी रीतसर नोंद करा, मग हातोडा उचला.

आता नोंद कसली? तर कामाची. आपल्याकडे मळणी उघड्या खळ्यावर व्हायची. तिकडची हवा ओली, म्हणून खळंच छपराखाली! समोरासमोर दोन मोठी दारं, मधे मळणीची जमीन, दोन्ही बाजूंना पेंढ्या रचलेल्या. चामड्याने जोडलेल्या दोन काठ्यांनी ओंब्या झोडपायच्या आणि दोन्ही दारं उघडून त्या झोतात धान्य उफणायचं. हवा खेळावी म्हणून भिंतीत मधल्या विटा गाळून नक्षीदार भोकं ठेवलेली. कधी वर त्रिकोणी भिंतीत घुबडासाठी एक भोक, म्हणजे उंदरांचा बंदोबस्त! थोडक्यात, ही नुसती इमारत नाही, एक यंत्र आहे.

घर करताना नेमकं हेच झाकलं जातं. मोठ्या दारात काच येते, भोकं बुजतात, मधे मजला पडतो, भिंतींवर उष्णतारोधक थर आणि प्लास्टर चढतं. इथे अनडू नाही.

म्हणून नोंद करणारे काय बघतात?

एक, विटांची रचना. एक थर आडव्या विटांचा, पुढचा थर तोंडांचा, ही ‘इंग्लिश बाँड’. एकाच थरात आडवी-तोंड, आडवी-तोंड, ही ‘फ्लेमिश बाँड’. मधेच वरपासून खालपर्यंत सरळ सांधा दिसला, विटा एकमेकींत गुंतलेल्याच नाहीत, तर समजायचं की तो भाग वेगळ्या वेळी बांधलाय.

दोन, विटांचं माप. १७८४ ते १८५० या काळात तिथे विटांवर कर होता, तोही नगावर. मग काहींनी वीटच मोठी केली! पण नुसत्या मापावरून काळ ठरवू नका, तो फक्त एक धागा.

तीन, खुणा. तुळयांवर सुतारांनी जोडणीसाठी कोरलेले रोमन आकडे. दाराजवळ मोजणीच्या रेघा. कधी कंपासने काढलेलं फूल, बहुधा वाईट नजर टाळायला. या खुणा समोरून फ्लॅश मारला की गायब! टॉर्च भिंतीला लगटून तिरकी धरली की उठून दिसतात.

‘हिस्टॉरिक इंग्लंड’ संस्थेने नोंदीच्या चार पातळ्या ठरवल्यात. पहिली म्हणजे बाहेरून धावती ओळख. चौथीत मोजमाप, नकाशे, विश्लेषण आणि जुनी कागदपत्रं, सगळं येतं. फोटोत मापाची लाल-पांढरी काठी हवीच, नाहीतर आकार कळणार कसा? अहवाल त्या भागाच्या वारसा-नोंदसंग्रहात जातो. डिजिटल फाइल्स यॉर्क विद्यापीठातल्या ‘आर्किऑलॉजी डेटा सर्व्हिस’कडे ठेवता येतात.

आता आपल्या इंजिनिअर मंडळींचा प्रश्न: लेझर स्कॅन मारला की झालं ना? नाही. स्कॅन लाखो बिंदू देईल, पण कुठलं दार आधीचं आणि कुठलं नंतर बुजवलं, हे तो सांगणार नाही. डेटा वेगळा, अर्थ वेगळा. अर्थ लावायला भिंतीसमोर उभं राहणारा माणूसच लागतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. नोंद केली म्हणजे इमारत वाचली, असं नाही. इंग्लंडचं राष्ट्रीय नियोजन धोरणच सांगतं की ‘नोंद करता येईल’ हे नुकसानाला परवानगी द्यायचं कारण ठरू नये. आधी प्रश्न विचारायचा, हे पाडायलाच हवं का? झाकायलाच हवं का? उत्तर खरंच ‘हो’ असेल, तर मग बॅकअप नीट घ्यायचा. कारण पुढे त्या घरात राहणाऱ्याला आपल्या हॉलमध्ये कधीकाळी मळणी व्हायची, हे सांगायला तेवढाच कागद उरणार आहे.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर एखादी जुनी भिंत दिसली, तर मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बघाच!