गाडीखालचा डाग कोठून आला?

शिरोळ, जयसिंगपूर, कुरुंदवाड भागातील कापडाचे लहान व्यापारी आठवड्यातून एकदोन वेळा इचलकरंजीला जातात, माल भरतात आणि गावोगावच्या बाजारांना पोचवतात. या कामाला नवी कोरी गाडी कोणी घालत नाही. कोणाकडे ओम्नी आहे, कोणाकडे ट्रॅक्स, आमच्याकडे जुनी सुमो, आणि काही हट्टी मंडळी अजून ॲम्बॅसिडर जपून आहेत. ॲम्बॅसिडरचे उत्पादन २०१४ साली बंद झाले, सुमो आणि ओम्नीचे २०१९ साली. पंधरा वर्षांवरील खासगी मोटारीच्या फेरनोंदणीची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५००० रुपयांवर गेली. इतका पैसा भरून जी गाडी ठेवायची, तिच्यावर भलत्याच दुरुस्तीचा खर्च होऊ नये, ही साधी व्यवहाराची गोष्ट आहे. आणि आमच्या तजुर्ब्याप्रमाणे जुन्या गाडीवर सर्वांत जास्त फुकटचा खर्च होतो तो गळतीपायी. गळती खरी असते, दुरुस्तीही खरी होते, पण भाग बदलला जातो तो दुसराच.

ग्रे कापड पारखणाऱ्यांना हे सांगायला नको. ताग्यावर तेलाचा डाग दिसला की आपण नुसता डाग पाहत नाही. डाग एकाच किनारीजवळ ठराविक अंतराने येत असेल तर मागाच्या त्या बाजूचा एखादा भाग गळतो आहे, हे कळते. वेडावाकडा, एखाददुसरा डाग असेल तर तो घडी घालताना कोणाचा तरी हात लागलेला. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून या भागातला व्यापारी डागावरून माग ओळखत आला आहे. तोच व्यापारी गाडीखालचा डाग पाहिला की मात्र हिशोब विसरतो आणि मिस्त्री म्हणेल तो भाग काढायला लावतो.

पहिले काम घरी करण्याचे आहे आणि त्याला काही खर्च नाही. धुतलेल्या मांजरपाटाचा किंवा पांढऱ्या पॉपलीनचा एखादा नासका तुकडा घ्यावा. चार हात लांबीचा असला तर उत्तम. गाडी सपाट जागी उभी करून इंजिनाखालपासून गिअर बॉक्सच्या मागेपर्यंत तो पसरावा आणि चाके कोठे आहेत त्याची कापडावर खडूने खूण करावी, म्हणजे सकाळी डाग नेमका कशाखाली पडला ते सांगता येते. कापड दोनदा पसरावे. एकदा फेरीवरून आल्याबरोबर, इंजिन गरम असताना, आणि नंतर नवा तुकडा रात्रभर. ऑइल फिल्टर, ऑइल प्रेशरचा स्विच, रेडिएटरच्या नळ्या या गोष्टी दाब असेपर्यंतच गळतात. थंड गाडीखाली त्यांचा थेंबही सापडत नाही. उलट चेंबरचे पॅकिंग किंवा ड्रेन नट रात्रभर संथपणे ठिबकत राहतो.

आता डाग कशाचा ते पाहू. पेट्रोल इंजिनाचे ऑइल पिवळसर तपकिरी असते आणि वापरून काळे होते; डिझेलचे ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काजळीने काळे पडते, तेव्हा काळे म्हणजे खराब असे समजू नये. गिअर बॉक्सचे आणि मागच्या हौजिंगचे ऑइल दाट असते आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. हा वास एकदा ओळखीचा झाला की माणूस विसरत नाही. रेडिएटरमध्ये कूलंट असेल तर डाग हिरवा किंवा गुलाबी, वास गोडसर. नुसते पाणी असेल तर गंजाचा तांबडा डाग. पेट्रोलचा डाग उडून जातो, वास मागे राहतो. तो आला तर गाडी सुरूच करू नये. एसी असलेल्या गाडीखाली निव्वळ स्वच्छ पाणी पडत असेल तर ते हवेतले आहे, त्याची चिंता नको.

राहिले ब्रेक ऑइल. याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण बाकीच्या गळतीत पैसा जातो आणि यात माणूस जातो. ब्रेक ऑइल पातळ, फिकट पिवळे आणि बोटाला गुळगुळीत लागते. नावात ऑइल असले तरी नेहमीच्या गाड्यांत ते ग्लायकॉलचे असते. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. पेल्यात पाणी घेऊन त्यात संशयित थेंब सोडावा. इंजिनाचे ऑइल वर तरंगते; ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जाते. (कूलंटही मिसळते, पण त्याचा रंग आणि जागा निराळी.) गाडीखाली मधोमध डाग दिसला नाही म्हणून निश्चिंत राहू नये. व्हील सिलिंडरचे रबर गेले की ऑइल ड्रमच्या आत आणि मग टायरच्या आतल्या बाजूने उतरते. चाकामागे वाकून टायरच्या आतल्या भिंतीवर ओला पट्टा आहे का ते हाताने पाहावे लागते. तोच पट्टा दाट आणि उग्र वासाचा असेल तर मागच्या ॲक्सलचे सील गेले आहे; ते ऑइल ब्रेकच्या लायनरवर गेले तर ब्रेक लागणार नाही, म्हणजे धोका तोच.

ब्रेक ऑइलची पातळी उतरत असेल तर वरून भरून गाडी चालवत राहणे हा शहाणपणा नव्हे. आणि भरताना इंजिन ऑइल तर मुळीच घालू नये. खनिज तेलाने ब्रेकची रबरे फुगतात आणि मास्टर सिलिंडरपासून चारी चाकांपर्यंत सगळी रबरे बदलावी लागतात. शिवाय हे ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीचे ताजे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा धरलेल्या त्याच ऑइलची हमी १४० अंशांवर येते. माल भरून आंबा घाट उतरणाऱ्या व्यापारी बंधूंनी हे दोन आकडे लक्षात ठेवावेत.

डाग कशाचा ते कळले, तरी तो कोठून आला हे अजून कळलेले नसते. ऑइल खाली उतरते आणि धावत्या गाडीत वाऱ्याने मागे जाते. म्हणून थेंब जेथून पडतो ती जागा बहुधा मूळ जागा नसतेच. मूळ शोधायचे तर ओल्या भागात सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा शोधावी. पण जुन्या इंजिनावर दहा वर्षांचे ऑइल, धूळ आणि ऊसाच्या हंगामातील चिखल यांचा थर बसलेला असतो. त्यात सगळेच ओले दिसते. त्यावर उपाय एकच. इंजिन थंड असताना डिझेल आणि ब्रशने धुऊन घ्यावे, पुसून कोरडे करावे, पाच-दहा किलोमीटर फिरवावे आणि लगेच बॅटरीच्या उजेडात पाहावे. तरीही कळले नाही तर संशयाच्या जोडांवर टाल्कम पावडर फुंकावी. पांढऱ्या पावडरीवर ऑइलची पहिली रेघ लगेच उमटते.

तीन वर्षांपूर्वी ऐन लगीनसराईत आमच्या सुमोच्या बेल हाऊसिंगखालून ऑइल पडू लागले. एका गॅरेजात सांगण्यात आले की क्रँकचे मागचे सील गेले, गिअर बॉक्स उतरवावा लागेल, चार दिवस लागतील आणि उतरवलाच आहे तर क्लच प्लेटही टाकून घ्या. लगीनसराईत चार दिवस गाडी नाही म्हणजे काय, हे कापडवाल्याला विचारावे! आम्ही म्हटले, आधी धुवा. मिस्त्री नाराज झाला, पण धुतले. फेरी मारून आल्यावर पाहिले तर वर टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून एक रेघ इंजिनाच्या पाठीवरून खाली उतरली होती आणि बेल हाऊसिंगवर जाऊन ठिबकत होती. टॅपेट कव्हरचे पॅकिंग बदलले, काम तासाभरात झाले. त्या मिस्त्रीला आम्ही लबाड म्हणत नाही. त्या जागेतून पडणारे ऑइल अनेकदा खरोखरच मागच्या सीलचे असते. पण तेथे तीन ठिकाणचे ऑइल येऊ शकते: वरून ओघळलेले, क्रँकच्या सीलचे आणि गिअर बॉक्सच्या पुढच्या सीलचे. तिसऱ्याला उग्र वास येतो आणि इंजिनाच्या पट्टीवरची पातळी त्याने उतरत नाही. इतके पाहिल्याशिवाय पाना लावू देऊ नये.

ॲम्बॅसिडरवाल्यांसाठी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. त्या गाडीचे जुने १४८९ सीसी इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज घराण्यातले. त्या घराण्याच्या जुन्या इंजिनांत क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नसे. तेथे आटे कापलेले असत आणि फिरता फिरता ते ऑइल परत चेंबरकडे ढकलत. इंजिन थांबले की दोनचार थेंब बाहेर येणे हा त्या घडणीचा स्वभावच आहे.

सीलला दोष देण्यापूर्वी आणखी एक गोष्ट पाहायची, आणि ती फार थोडे लोक पाहतात. इंजिनाच्या पोटात पिस्टनच्या बाजूने थोडा वायू उतरतो. तो बाहेर जाण्यासाठी ब्रीदरची नळी असते. ती काजळीने बुजली, किंवा रिंगा झिजून वायूच जास्त येऊ लागला, की पोटात दाब साचतो आणि ऑइल सापडेल त्या सीलमधून, पॅकिंगमधून बाहेर पडते. अशा इंजिनाला नवे सील घातले तरी महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा तेच. गाडी चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण काढून पाहावे. भकाभका वाफ आली आणि झाकण ठेवताच उडू लागले तर आधी ब्रीदर साफ करून बघावे. तरीही तसेच राहिले तर प्रश्न रिंगांचा आहे, सीलचा नाही. मागच्या हौजिंगलाही असा छोटा ब्रीदर असतो. आपल्याकडची काळी माती तो सहज बुजवते, आणि मग हौजिंग गरम झाले की ऑइल ॲक्सलच्या सीलमधून ब्रेकवर जाते. एक तार आणि पाच मिनिटे, एवढेच ते काम.

पुराचा विषय निघाल्याशिवाय शिरोळ तालुक्यात गाडीबद्दल बोलणे पुरे होत नाही. २००५, ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात कृष्णा-पंचगंगेच्या पाण्याने किती गाड्या बुडाल्या हे आपण पाहिले. अशा गाडीच्या पट्टीवर ऑइल दुधी, चहासारखे दिसते. एरवी हे हेड गॅसकेट गेल्याचे लक्षण मानतात, आणि रेडिएटरचे पाणी कोठेही न ठिबकता कमी होत असेल, धूर पांढरा येत असेल तर ते बरोबरही आहे. पण बुडालेल्या गाडीत पाणी पट्टीच्या नळीतून आणि ब्रीदरमधून शिरलेले असू शकते. अशी गाडी सुरू न करता इंजिन, गिअर बॉक्स आणि हौजिंग तिन्हींचे ऑइल काढून पाहावे. हेड उघडण्याची घाई करू नये. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी तर हौजिंगचा नट सैल करून दोन थेंब बोटावर घ्यावेत. बाहेरून रंग देता येतो, हौजिंगच्या आतले पाणी लपवायला कोणी जात नाही.

पाण्याच्या गळतीबद्दल थोडक्यात. आपला भाग क्षारपड जमिनीचा. खारे बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये घालणाऱ्याचा रेडिएटर आणि वॉटर पंप आतून खातो. वॉटर पंपाला खालच्या बाजूला एक बारीक भोक ठेवलेले असते. त्यातून पाणी आले म्हणजे आतले सील गेले. ते भोक एम-सीलने बुजवणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत, मग पाणी बेअरिंगमध्ये जाते. रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा ड्रायव्हर लोकांचा जुना इलाज घरी पोचण्यापुरता ठीक, पण तो गळक्या भोकाबरोबर चांगल्या नळ्याही बुजवतो. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

आता हिशोब. पाण्याचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर, ऑइलचा थेंब त्याहून लहान. रात्रभरात कापडावर ४० थेंब पडले तरी २ मिलिलिटरच्या आत, महिन्याला ६० मिलिलिटरच्या आत. एवढ्यासाठी गिअर बॉक्स उतरवणे आम्हाला मान्य नाही. क्लच बदलण्याची वेळ येईल तेव्हा ते सील सोबत टाकून घ्यावे, मजुरी एकदाच पडते. मात्र उभ्या गाडीखालचा डाग लहान आणि पट्टीवरची पातळी भरभर उतरते, असे असेल तर ऑइल धावताना दाबाने जाते आहे किंवा आत जळते आहे. म्हणून गाडीत एक छोटी वही ठेवावी आणि किती किलोमीटरला किती ऑइल, किती पाणी घातले ते तारखेसह लिहावे. गॅरेजात जाताना ती वही आणि डागाचे कापड दोन्ही न्यावे. आमच्या ओळखीचा एक म्हातारा मिस्त्री गाडीकडे न बघता आधी कापडाचा वास घेतो, मग चाकांच्या खुणा पाहतो, आणि त्यानंतरच पाना हातात धरतो.