तीन पुड्या, एकच मूळ

नारायणगावच्या बाजारात टोमॅटो उतरवून एक शेतकरी परवा थेट दवाखान्यात आले. पन्नाशीचे वय, हातपाय काटकुळे, पोट मात्र सदऱ्यातून पुढे आलेले. टेबलावर त्यांनी तीन पुड्या मांडल्या : साखरेची, रक्तदाबाची, चरबीची. "डॉक्टर, तीन रोग परवडत नाहीत. आधी साखर बरी करू. ब्लडप्रेशरची गोळी महिन्यापासून बंद केलीय." दाब मोजला. १७० वर १०४!

वाचकहो, जुन्नर-आंबेगावात असा हिशेब करणारे पुष्कळ भेटतात. दोष आमचाही आहे. आम्ही नावे तीन सांगतो, मूळ सांगायचे राहते.

पोटाच्या आतल्या चरबीतून स्निग्धाम्ले यकृतात झिरपत राहतात. मग यकृत आणि स्नायू इन्शुलिनला दाद देत नाहीत. स्वादुपिंड जास्त इन्शुलिन ओतते. ते थकले की साखर चढते. तेच यकृत रक्तात जादा चरबी सोडते. वाढलेल्या इन्शुलिनमुळे मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात. दाब चढायला तेही एक कारण. या सगळ्याचा मार खातात त्या हृदयाच्या, डोळ्यांच्या, मूत्रपिंडांच्या रक्तवाहिन्या.

"पण मी कुठं लठ्ठ आहे?"

याचे उत्तर पुणे जिल्ह्यातच मिळाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५. आपल्या बाळांत स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून. २००४ मध्ये 'लॅन्सेट'ने डॉ. याज्ञिक आणि इंग्रज डॉक्टर युडकिन यांचे एकत्र छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा २२.३, अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२!

म्हणून वजनकाट्यावर विसंबू नका, शिंप्याची टेप घ्या. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर, बाईची ८० च्या वर गेली, की तपासणी करून घ्यावी. आमच्या पाहुण्यांची ९८ भरली. मूळ एक म्हणून गोळीही एकच पुरते, असे मात्र नाही. बंद केलेली पुडी पुन्हा सुरू करवली. रोज अर्धा तास भरभर चाला म्हटले, तर म्हणाले, "शेतकऱ्याला चालायला सांगता?" सोबतचा मुलगा हसला. ठिबक आले, बांधापर्यंत मोटारसायकल जाते.

उठता उठता त्यांनी विचारले, "सुनेला सातवा महिना आहे. तिला काय द्यावं?" दूध, फळे आणि रोज पालेभाजी, मी म्हटले. त्या सहा खेड्यांत हे खाणाऱ्या आयांची बाळे अधिक भरलेली आढळली होती. त्यांनी मुलाकडे पाहिले. "मेथीची जुडी घे जाताना."